हात सोडताना

अल्बुकर्क हे नाव आमच्या गोमंतकीय वाचकांस नवे नाही. १५१० साली गोवे जिंकून घेणारा अफोन्सो द अल्बुकर्क शाळेच्या पुस्तकांतून सर्वांच्या परिचयाचा झालेला आहे. आणि १५४२ साली संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले, त्या वेळी तेथील बिशपपदी असलेल्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचे नावही अल्बुकर्कच होते. परंतु याच नावाचे एक मोठे शहर अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, रिओ ग्रांदे नदीच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे पाच हजार फूट उंचीवर वसलेले आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. १७०६ साली स्पॅनिश लोकांनी ते वसविले आणि त्या वेळच्या व्हाइसरॉयचे सरदारकीचे नाव त्यास दिले. दोन्ही नावांचे मूळ स्पेनमधील एकाच लहानशा गावात आहे, आणि ते गाव पोर्तुगालच्या सीमेलगत आहे. सीमेवरच्या गावाचे नाव कोठवर पोहोचेल याचा नेम नसतो, असे आम्हां बेळगावकरांस वाटले तर त्यात नवल नाही.

अमेरिकन लोक या शहरास अल्बुकर्की म्हणतात. आमची कन्या नोकरीच्या निमित्ताने गेली बारा वर्षे तेथे राहते. मागील ऑक्टोबरात आम्ही उभयतां तिच्याकडे होतो, आणि त्यामुळे तेथील सुप्रसिद्ध बलून महोत्सव पाहण्याचा योग आला. दर वर्षी ऑक्टोबरच्या आरंभी नऊ दिवस चालणाऱ्या या महोत्सवात अलीकडे पाचशेहून अधिक बलून भाग घेतात. १९७२ साली सिड कटर नावाच्या वैमानिकाच्या पुढाकाराने एका बाजारसंकुलाच्या मोटारतळावर अवघ्या तेरा बलूनांनी या मेळ्यास आरंभ झाला, आणि २००० साली ही संख्या १,०१९ वर गेली. २०२० साली महामारीमुळे तो भरला नाही. पुढील वर्षी पुन्हा सुरू झाला.

बलूनात बसून आकाशात गेलेल्यांची वर्णने वाचकांनी वाचली असतील. आम्ही बसलो नाही. सौ.च्या गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झालेली आहे, आणि उतरताना टोपली जमिनीवर आपटते तेव्हा गुडघे वाकवून दणका सोसावा लागतो. तिला एकटीला खाली ठेवून वर जाण्याची आम्हांस इच्छा नव्हती. तेव्हा हा वृत्तान्त खाली उभे राहणाऱ्यांचा आहे. जगात अशांचीच संख्या मोठी असल्यामुळे तो अगदीच निरुपयोगी ठरणार नाही, अशी आशा आहे.

प्रथम थोडी माहिती. चुलीवरचा धूर वर का जातो, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते: ऊन हवा हलकी असते. बलूनाचे सारे शास्त्र एवढेच. मोठी कापडी पिशवी हवेने भरावयाची आणि खालून प्रोपेन वायूच्या ज्योतीने ती हवा तापवावयाची. बाहेर पहाटेचा गारठा आणि आत शंभर अंशांच्या जवळपास उष्णता असली, म्हणजे दर घनमीटरामागे सुमारे पाव किलो वजन उचलले जाते. हे फारच थोडे, म्हणून पिशवी प्रचंड लागते. दोन हजार दोनशे घनमीटरांच्या मध्यम बलूनात साडेपाचशे किलोंच्या आसपास उचलण्याचे बळ येते. त्यात कापड, वेताची टोपली, वायूच्या टाक्या आणि माणसे सर्व आली. टोपली मात्र आजही वेताचीच विणतात, कारण वेत वाकतो आणि दणका पचवितो.

या युक्तीचा इतिहास सांगताना फ्रान्सच्या मोंगोल्फिए बंधूंपासून आरंभ करण्याची रीत आहे. परंतु त्यांच्याही आधी, १७०९ सालच्या ऑगस्ट महिन्यात, ब्राझीलमध्ये जन्मलेले बार्तोलोमेउ द गुस्मांव या नावाचे एक धर्मगुरू लिस्बन येथे पोर्तुगालच्या राजापुढे कागदाचा लहानसा फुगा आतील ज्योतीच्या बळावर चढवून दाखवीत होते. पुढे १७८३ साली मोंगोल्फिए बंधूंनी, जे व्यवसायाने कागद तयार करणाऱ्या घराण्यातील होते, १९ सप्टेंबर रोजी व्हर्साय येथे एक मेंढी, एक बदक व एक कोंबडा यांस वर पाठविले. आणि २१ नोव्हेंबर रोजी पॅरिसवरून दोन माणसे त्यांच्या बलूनात बसून सुमारे पंचवीस मिनिटे उडाली.

त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट खालच्या माणसांच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. ऑगस्टमध्ये पॅरिसहून हायड्रोजन वायूने भरलेले एक रिकामे बलून सोडण्यात आले, ते गोनेस नावाच्या खेड्यात उतरले. आकाशातून आलेले हे फुसफुसणारे जनावर पाहून गावकरी घाबरले आणि गवत उलथण्याचे काटे घेऊन त्यांनी त्याच्या चिंध्या केल्या. वर जाणाऱ्याची भीती जमिनीवरच्या माणसास किती वाटते, याचे हे पहिले उदाहरण म्हणावयास हरकत नाही.

हायड्रोजनापुढे ऊन हवेचे बलून मागे पडले व पावणेदोनशे वर्षे जवळजवळ विस्मृतीत गेले. १९६० सालच्या ऑक्टोबरात एड योस्ट या अमेरिकन गृहस्थाने प्रोपेनच्या ज्योतीवर चालणारे बलून नेब्रास्का राज्यात उडविले, तेव्हा त्याचा पुनर्जन्म झाला. म्हणजे आमचा जन्म झाला त्या काळी असा देखावा जगात कोठेही पाहावयास मिळत नव्हता. आपल्याकडील माणसाचाही यात वाटा आहे: २६ नोव्हेंबर २००५ रोजी उद्योगपती विजयपत सिंघानिया मुंबईहून ऊन हवेच्या बलूनातून निघाले, २१,०२७ मीटर उंची गाठून त्यांनी जागतिक विक्रम केला, आणि ते नाशिक जिल्ह्यात उतरले.

आता त्या पहाटेकडे वळू. तत्पूर्वी आदल्या रात्रीची एक गोष्ट सांगणे भाग आहे. जेवण झाल्यावर कन्येने आम्हांस सांगितले, की त्यांनी तेथेच घर घेण्याचे निश्चित केले आहे. मग थोडे थांबून ती म्हणाली, “बाबा, बेळगावच्या घराची वरची खोली आता भाड्याने द्यायला हरकत नाही.” त्या खोलीत तिचे कपाट, तिच्या वह्या आणि प्रथम कम्युनियनचा फोटो आहे. बारा वर्षे आम्ही ती झाडून-पुसून ठेवीत आलो. ती येईल तेव्हा लागेल, एवढेच कारण आम्ही स्वतःस देत असू. सौ. म्हणाली, “बरं, बाळ.” आम्ही काहीच बोललो नाही. दुसऱ्या दिवशी साडेतीनला उठावयाचे असल्याने सर्वजण लवकर झोपावयास गेले. झोप कोणास लागली, हे आम्ही विचारले नाही.

कन्या तीन वर्षांपासून शेजारच्या एका दांपत्याच्या बलूनास मदत करते. बलूनाबरोबर खाली राहून काम करणारी चार-पाच माणसे लागतात: कापड पसरणे, दोर धरणे, आणि उड्डाणानंतर मोटारीने पाठलाग करून बलून उतरेल तेथे पोहोचणे, ही त्यांची कामे. त्या दिवशी वैमानिकाने तिला वर नेण्याचे कबूल केले होते. हे आम्हांस मैदानावर पोहोचल्यावर कळले.

ऑक्टोबरातही तेथील पहाट हाडे गोठविणारी असते. साडेतीनशे एकरांहून मोठे ते मैदान काळोखात बुडालेले होते आणि हजारो माणसे लोकरी टोप्या घालून गवतावरून चालली होती. या महोत्सवाचे वैशिष्ट्य असे, की प्रेक्षकांस दोराबाहेर उभे करीत नाहीत. बलूनांच्या मधूनच त्यांस फिरू देतात. पोळीत गुंडाळलेली अंडी, बटाटे व हिरवी मिरची हा तेथील न्याहारीचा पदार्थ आम्ही उभ्या-उभ्या खाल्ला. ही मिरची अमेरिका खंडातलीच. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती गोव्यास आली आणि आपल्या स्वयंपाकघरात अशी बसली, की परकी वाटेनाशी झाली.

उजाडण्यापूर्वी दहा-बारा बलून काळोखात वर गेले. यांस ‘पहाटेची गस्त’ म्हणतात. ही प्रथा १९७८ पासून चालत आली आहे. त्यांच्यावर लहान दिवे असतात, आणि अधूनमधून ज्योत सोडली की सबंध बलून आतून उजळतो. नाताळात घरासमोर लावलेला आकाशकंदील दोर तुटून तरंगत निघावा, तसे ते दिसत होते. आमचा दहा वर्षांचा नातू बाजूस उभा होता. त्याचे मराठी थोडे अडखळते, पण गोड आहे. तो म्हणाला, “आजोबा, वारा दिसत नाही ना, म्हणून वरच्या फुग्याला विचारायचं.” गस्तीचे बलून कोणत्या उंचीवर कोणीकडे सरकतात, हे पाहूनच खालचे वैमानिक आपला बेत ठरवितात.

बलूनास सुकाणू नसते. वैमानिकाच्या हाती दोनच गोष्टी: हवा तापवून वर जाणे, किंवा ती निवू देऊन अथवा माथ्याची झडप उघडून खाली येणे. दिशा वारा ठरवितो. मात्र निरनिराळ्या उंचीवर वारे निरनिराळ्या दिशांनी वाहतात, आणि अल्बुकर्कीस याचा एक विशेष प्रकार घडतो. रात्रभर निवलेली जड हवा पहाटे नदीच्या खोऱ्यातून उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत असते. त्याच्या वर दक्षिणेचा वारा उत्तरेस जात असतो. म्हणून खाली राहून दक्षिणेस जावयाचे, मग वर चढून उत्तरेस परतावयाचे, आणि निघालो तेथेच उतरावयाचे, असे साधते. यास तेथील लोक ‘पेटी’ म्हणतात. पेटी रोज जमतेच असे नाही. सूर्य वर येऊन जमीन तापली, म्हणजे हवेचे लोट उठू लागतात व हा सारा बेत मोडतो. म्हणून उड्डाण सूर्योदयाच्या सुमारासच करावयाचे.

पूर्वेस सांडिया नावाचा उंच डोंगर आहे. त्याच्या मागे आकाश पिवळे झाले, अमेरिकेचे निशाण घेऊन पहिले बलून राष्ट्रगीताच्या सुरात वर गेले, आणि मग सर्व मैदान एकदम जागे झाले. पंख्यांची घरघर, ज्योतींचा फुत्कार, आणि जिकडे पाहावे तिकडे आडवी पडलेली रंगीत कापडे तव्यावरच्या फुलक्यासारखी फुगत चाललेली. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे अंगरखे घातलेले पंच शिट्ट्या फुंकीत फिरत होते. त्यांनी अंगठा वर केल्यावाचून कोणी निघू शकत नाही.

आमच्या कन्येच्या बलूनाची टोपली उभी राहिली. ती आत चढली. तेवढ्यात वैमानिकाचे लक्ष रिकाम्या हातांनी उभ्या असलेल्या आमच्याकडे गेले आणि त्याने आम्हांस खुणावले, की या, भार द्या. बलून निघण्यापूर्वी हवा पुरेशी तापेपर्यंत खालच्या माणसांनी टोपलीच्या काठावर हात टेकून आपले वजन टाकावयाचे असते. आम्ही जाऊन काठ धरला. पलीकडे, हातभर अंतरावर, कन्येचा हात होता. तळव्याखाली वेताची विण थरथरत होती. जणू एखादे बैल जुवाखाली उभे आहे आणि गाडी सोडण्याची वाट पाहत आहे.

वाचकहो, त्या अर्ध्या मिनिटात आमच्या मनात काय आले ते प्रांजळपणे सांगतो. २६ जून २०२१ रोजी याच शहरात एक बलून विजेच्या तारांस लागून टोपली कोसळली व पाच माणसे मृत्युमुखी पडली, हे आम्ही वाचलेले होते. ते आठवले. वरची खोली आठवली. काठावरचे हात काढू नयेत, असे वाटले. आमचे वजन सत्तर किलो आहे. तेवढ्याने बलून थांबले नसते, पण वाटले खरे. इतक्यात पंचाची शिट्टी झाली, आणि वैमानिक ओरडला, “हात सोडा!”

सर्वांनी सोडले, आम्हीही सोडले. बलून उडी मारीत नाही. ते इतके हळू निघाले, की टोपलीचा तळ आमच्या छातीशी, मग डोळ्यांशी, मग टोपीच्या वर आला तेव्हाच ते निघाल्याचे ध्यानी आले. कन्या वाकून खाली पाहत होती. तिने हात हलविला. सौ. खुर्चीवरून उठून उभी राहिली होती आणि कपाळ, छाती व दोन्ही खांद्यांस बोटे लावून क्रुसाची खूण करीत होती. मग सूर्य डोंगरावर आला. आम्ही सावलीत होतो; ऊन प्रथम वरच्या बलूनांस लागले, आणि नंतर वरून खाली उतरत आमच्यापर्यंत पोहोचले.

त्यानंतर आमची खरी धावपळ सुरू झाली. खाली राहणाऱ्याचे काम बलून सुटल्यावर संपते, अशी आमची समजूत होती. ती त्या मंडळींनी एका क्षणात दूर केली. वैमानिकाची पत्नी मोटार चालवीत होती, मागे सामानाची गाडी जोडलेली, आम्ही उभयतां व नातू मागच्या आसनावर, आणि बिनतारी यंत्रावर वरचा आवाज. पुष्कळ बलूनांची पेटी त्या दिवशी जमली; ती मैदानावर परत आलेली आम्ही पुढे ऐकली. आमच्या बलूनास वरचा वारा अर्धवटच मिळाला. ते नदीकडे वळले. पुलाजवळ गाडी थांबवून आम्ही पाहतो, तो टोपली रिओ ग्रांदेच्या पाण्याला टेकली! सौ.ने आमचा दंड घट्ट धरला. नातू हसून म्हणाला, “आजी, ते मुद्दाम करतात.” खरोखरच ज्योत फुत्कारली आणि टोपली पाणी निथळवीत, पिवळ्या पडू लागलेल्या झाडांवरून पलीकडे गेली.

अर्ध्या तासाने ते वस्तीजवळच्या एका मोकळ्या रानात उतरू लागले. आम्ही आधी पोहोचलो होतो. जमिनीचे मालक दारातच उभे होते. त्यांची परवानगी वैमानिकाच्या पत्नीने धावत जाऊन घेतली. टोपली एकदा आपटली, थोडी फरफटली, आणि वरून पुन्हा तीच आज्ञा आली: “भार द्या!” या वेळी कोणी खुणावण्याची आम्ही वाट पाहिली नाही. काठ धरला. तोच वेत, तीच थरथर. पण आता ती निवत चाललेली होती.

नंतर सर्वांनी मिळून कापडातील हवा दाबून काढली, त्याची लांब वळकटी केली आणि ती पिशवीत कोंबली. एवढे प्रचंड बलून, पण पिशवी एका गादीहून फार मोठी भरत नाही. त्या पिशवीवर बसून कन्येने विचारले, “बाबा, खालून कसं दिसलं?” आम्ही सांगितले, की तू लहान होत गेलीस, आणि मग दिसेनाशी झालीस, पण तुझे बलून कोणते ते शेवटपर्यंत ओळखता येत होते. ती काही बोलली नाही. तिने आमच्या हातावरची वेताची वळे पाहिली व ती बोटाने पुसल्यासारखी केली.

आमच्या पॅरिशमध्ये आज असे घर विरळाच, की ज्यातील कोणी गल्फला, इंग्लंडला, कॅनडाला किंवा निदान पुण्या-बंगळुरास गेलेले नाही. मागे राहिलेल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: परत केव्हा? त्या प्रश्नात माया आहे, हे आम्हांहून अधिक कोण जाणणार? परंतु निघाले तेथेच उतरणे हे ज्याच्या-त्याच्या इच्छेवर नाही. त्यास वरचा आणि खालचा, दोन्ही वारे अनुकूल लागतात. खाली असणाऱ्यांनी एकाच जागी मान वर करून उभे राहिल्यास त्यांस रिकामे आकाशच दिसते. बलून उतरते तेव्हा काठ धरावयास माणसे लागतात, आणि ती मैदानावर नव्हे, उतरण्याच्या जागी लागतात. तेथवर जाण्याचे कष्ट खालच्यांनी घ्यावयाचे असतात. ते कमी प्रतीचे काम आहे असे आम्हांस आता वाटत नाही.

वरची खोली आम्ही जूनमध्ये दिली. खानापूर तालुक्यातून शिकावयास आलेल्या दोन मुली तेथे राहतात. कपाट व वह्या आम्ही खाली आणल्या; फोटो त्या मुलींनी, राहू दे म्हणून, भिंतीवरच ठेवून घेतला आहे. सौ.चे गुडघे पाहता पुढील प्रवास केव्हा घडेल ते सांगवत नाही, पण पासपोर्टाची मुदत आम्ही वाढवून घेतली आहे.